घराभोवतीचे डॅफोडिल्स: मला दर मार्चमध्ये विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नॉटिंगहॅमजवळ हे घर घेतलं तेव्हा डिसेंबर होता. मागची बाग म्हणजे ओलं गवत, एक जुनं सफरचंदाचं झाड आणि बुटाला चिकटून येणारी लाल माती, बास. आधीच्या मालकीणबाई बऱ्याच वयस्कर होत्या, जाताना किचनच्या ओट्यावर एक चिठ्ठी ठेवून गेल्या की मार्चपर्यंत बागेत काही खणू नका. का ते लिहिलं नव्हतं. मग फेब्रुवारीत सफरचंदाखाली, कुंपणाच्या कडेने, अगदी कचऱ्याच्या डब्यांच्या मागेसुद्धा हिरवी टोकं वर यायला लागली, आणि मार्चच्या मध्यावर एका सकाळी पडदा उघडला तर घराच्या तिन्ही बाजूंनी पिवळंधमक! मी चहा तसाच ठेवून नाइटगाउनवर कोट चढवून बाहेर गेले आणि बराच वेळ नुसती उभी राहिले. महाराष्ट्रातून येऊन इथला पहिला हिवाळा काढलेल्या माणसाला तो पिवळा रंग काय वाटतो हे सांगून कळणार नाही, कितीतरी आठवडे दुपारी चारला अंधार बघितलेला असतो.

त्यानंतर हळूहळू शिकत गेले. आता ओळखीतले, नव्याने घर घेतलेले लोक फोटो पाठवून विचारत असतात, प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. हे सगळं ब्रिटनच्या हवेसाठी आहे हे लक्षात ठेवा.

डॅफोडिल्स नक्की कधी फुलतात?

आमच्या मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, खरा बहर मार्चचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाग भरून जाते. कॉर्नवॉलला, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, त्याच्या आधी, स्कॉटलंडला त्याच्यानंतर. पण जातीवर खूप अवलंबून आहे, काही जाती जानेवारीतच उघडतात आणि काही थेट मेमध्ये, त्यामुळे नीट निवडून लावलेत तर तीन महिने एकामागून एक फुलं मिळतात. हिवाळा उबदार गेला तर लवकर येतात, कडक गेला तर थांबतात. दुकानात जानेवारीतच कळ्यांच्या जुड्या मिळतात ना, त्या बहुतेक कॉर्नवॉलच्या शेतातल्या असतात, त्या बघून आपल्या बागेत अजून काहीच कसं नाही म्हणून घाबरू नका.

डॅफोडिल आणि नर्गिस एकच का? आणि नार्सिसस म्हणजे वेगळं काही?

नार्सिसस हे त्याचं शास्त्रीय नाव, डॅफोडिल हे बोलीतलं. सगळे डॅफोडिल्स नार्सिससच. उर्दू-फारसीतलं नर्गिस ते हेच कुटुंब, तिकडे बहुतेक वेळा एका दांड्यावर बारक्या फुलांचा घोस येणारी सुवासिक जात असते. काश्मीरमध्ये याला येंबरझल म्हणतात आणि बर्फ सरल्यावर येणाऱ्या पहिल्या फुलांत ते असतं. मूळ गाव म्हणाल तर बहुतेक रानटी जाती स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोच्या बाजूच्या. ब्रिटनची स्वतःची एक रानटी जात आहे, लहानखुरी, फिक्या पाकळ्या आणि मधला कप जरा गडद पिवळा, तिला इथे लेंट लिली म्हणतात. बाकी बागेत दिसणारे सगळे माणसाने संकर करून तयार केलेले. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे, म्हणजे इथल्या बागकामाच्या मोठ्या संस्थेकडे, अशा ३० हजारांहून जास्त नावांची नोंद आहे आणि त्यांचे १३ गट पाडलेत, पण हे पाठ करायची अजिबात गरज नाही.

बागेत कांद्याच्या पातीसारखं काहीतरी उगवलंय. भाजी करू का?

नाही. अजिबात नाही. हा प्रश्न मी मुद्दाम वर घेतलाय, बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

आई पहिल्यांदा सांगलीहून आमच्याकडे आली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मी ऑफिसला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर पेपर पसरून त्यावर हिरव्या पात्यांची मोठी जुडी, शेजारी डाळीचं पीठ काढून ठेवलेलं. आईला वाटलं लेकीच्या बागेत लसणाची पात मस्त आलीये, पीठ पेरून भाजी करू. दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

आईची काहीच चूक नव्हती. कळी यायच्या आधी ही पाती दिसतेच तशी, आणि त्याला कारणही आहे, कांदा, लसूण, लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी इथली भाजी) आणि डॅफोडिल हे सगळे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळात मोडतात. जमिनीखालचा बल्ब तर हुबेहूब कांदा, वर तपकिरी टरफलसुद्धा. पण डॅफोडिलच्या प्रत्येक भागात विष असतं, लायकोरिन नावाचं, आणि सगळ्यात जास्त बल्बमध्ये. खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब. शिजवून ते जात नाही, २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांनी बागेतल्या कांद्यांचं सूप केलं त्यात चुकून एक डॅफोडिलचा बल्ब गेला होता आणि मुलं आजारी पडली. आणि २०१५ मध्ये इथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुपरमार्केटवाल्यांना पत्र लिहून कळवलं की डॅफोडिल्स भाजीपाल्याच्या जवळ ठेवू नका, कारण लोक कळ्यांच्या जुड्या पातीची भाजी समजून नेत होते.

ओळखायचं कसं? पान चुरगळून वास घ्या. कांदा-लसणाचा उग्र वास आला नाही तर ते खायचं नाही. कांद्याची पात आतून पोकळ नळीसारखी असते, डॅफोडिलचं पान चपटं, जाडसर, जरा निळसर हिरवं. पण माझं स्पष्ट मत, आपण स्वतः पेरलेलं नसेल तर वास-बिस घेत बसूच नका, सोडून द्या. आणि घरी आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील तर पहिल्या दिवशीच बागेत नेऊन दाखवा.

चुकून कोणी खाल्लंच तर १११ ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन करा, त्रास जास्त असेल, श्वास किंवा शुद्धीचा प्रश्न असेल तर सरळ ९९९, तातडीच्या मदतीचा नंबर. काय खाल्लं त्याचं पान किंवा बल्ब जवळ ठेवा, दाखवायला.

घरात लहान मूल आहे, कुत्रा-मांजर आहे. लावू की नको?

लावा, पण बल्ब लावायच्या दिवसांत पिशवी उघडी टाकू नका, ती वरच्या फळीवर. कुत्री उकरून बल्ब चावतात, मग लगेच व्हेटकडे, जनावरांच्या डॉक्टरकडे, न्यावं लागतं. फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी होतं, मांजर ते पिते, त्यामुळे फुलदाणी उंचावर. आमच्या मुलीला दोन वर्षांची असल्यापासून सांगितलं की वास घ्यायचा, तोंडात नाही, तिने ते ऐकलं.

बल्ब कधी लावायचे? मार्चमध्ये फुलं बघून लावावेसे वाटतात.

सगळ्यांचं हेच होतं! मार्चमध्ये शेजाऱ्याची बाग बघून आपण दुकानात धावतो आणि तिथे बल्ब नसतात. डॅफोडिल्सचे बल्ब सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये लावायचे, आणि त्यातही सप्टेंबर उत्तम, कारण त्यांना मुळं फुटायची वेळ तीच. ट्युलिप्स नोव्हेंबरमध्ये लावले तरी आनंदात असतात, डॅफोडिल्सना लवकर जमिनीत जायला आवडतं. डिसेंबरमध्ये पिशवी कपाटात सापडली तरी लावून टाका, पुढच्या वर्षापर्यंत ठेवलेले सुकून जातात. मी फोनमध्ये रिमाइंडर लावते, गणपती झाले की बल्ब, साधारण तेव्हाच येतं ते.

कसे लावायचे, किती खोल?

बल्बच्या उंचीच्या निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट खोल, म्हणजे मोठा बल्ब असेल तर १५ सेंटिमीटर. टोक वर, चपटी मुळांची बाजू खाली. दोन बल्बमध्ये १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर. वरवर लावलेले बल्ब एक-दोन वर्षं फुलतात आणि मग रुसतात, नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक मला हीच दिसते, आळस न करता खोल खणा. बल्ब विकत घेताना दाबून बघा, टणक आणि जड हवा, मऊ किंवा बुरशी आलेला नको.

एक सांगू? रांगेत लावू नका. सैनिक उभे केल्यासारखे दिसतात. सात-आठ-दहाचा पुंजका करा. गवतात लावायचे असतील तर मूठभर बल्ब हळूच फेका आणि जिथे पडतील तिथेच लावा, इथले जुने माळी असंच करतात आणि ते खरंच रानात आल्यासारखे दिसतात. आमच्यासारखी चिकट माती असेल तर खड्ड्यात थोडी जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा, पाणी साचलं की बल्ब कुजतात.

बागेत कुठे लावू?

ऊन हवं, निदान अर्धा दिवस. पानझडीच्या झाडाखाली छान जमतं, सफरचंद, चेरी, बर्च, कारण झाडाला पानं फुटायच्या आधीच यांचं फुलून होतं. कायम हिरव्या कॉनिफरखाली नाही.

आणि एक गोष्ट, फुलं बहुतेक वेळा उजेडाच्या बाजूला, म्हणजे इथे दक्षिणेकडे तोंड करतात. मी पहिल्यांदा स्वतः आणलेले चाळीस बल्ब मागच्या बागेत खिडकीतून नीट दिसतील असे लावले, बाग दक्षिणेला, आणि मार्चमध्ये चाळीसच्या चाळीस फुलं माझ्याकडे पाठ करून उभी. तरी सुंदर दिसतात, उन्हात पाकळ्या मागून झळकतात, पण कुठल्या खिडकीत बसून चहा घेणार याचा विचार आधी करा. आमच्या घराच्या पूर्वेला एक चिंचोळी वाट आहे, कचऱ्याचे डबे ठेवायची, तिथले मला सगळ्यात जास्त आवडतात कारण तिथून रोज सकाळी घाईत जाताना ते समोरून भेटतात.

कुठल्या जाती घेऊ?

जागा कमी असेल, वारा जोराचा असेल तर टेट-आ-टेट. वीतभर उंच, एका दांड्यावर बरेचदा दोन-दोन फुलं, वादळात मोडत नाहीत, आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. एकच घ्यायची असेल तर हीच. त्याच उंचीचा जेटफायर, पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधली नळी केशरी. मोठे पिवळे हवे असतील, चित्रातल्यासारखे, तर कार्लटन. फार लवकर हवे असतील तर राइनवेल्ड्स अर्ली सेन्सेशन, नाव मोठं आहे पण ऐन जानेवारीत फुलतो. फेब्रुवारी गोल्ड नावाचा आहे तो मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा मार्चमध्येच उगवतो. पांढऱ्यांत थालिया, एप्रिलमध्ये, नाजूक, सुवासिक, मला त्याच्यात निशिगंधाची आठवण येते, म्हणजे वास तसाच नाही पण संध्याकाळी दरवळतो तसा. आणि सगळ्यात शेवटी फेझंट्स आय, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे लाल कडेचा छोटासा डोळा, तो मेपर्यंत थांबतो.

दुहेरी पाकळ्यांचे जड फुलांचे प्रकार पावसात मान टाकतात. मी लावत नाही.

रात्री कडक थंडी पडली, सकाळी सगळे जमिनीवर आडवे. गेले का?

नाही गेले. हात लावू नका, उभे करायला काड्या लावू नका. गोठलं की दांडे लुळे पडतात आणि ऊन वर आलं की अकरा-बारापर्यंत आपोआप उठून उभे राहतात, मी खिडकीत बसून बघितलंय हे. बर्फाखालूनसुद्धा उठतात. वाऱ्याने किंवा गारांनी दांडा मोडला असेल तर मात्र ते फूल कापून घरात आणा.

फुलं सुकली. आता पुढे?

इथून खरी गोष्ट सुरू होते आणि इथेच बहुतेक लोक लक्ष काढून घेतात.

सुकलेलं फूल मागच्या फुगीर गाठीसकट खुडून टाका, नाहीतर झाड बी धरण्यात ताकद घालवतं. हिरवा दांडा राहू द्या. आणि पानं, पानांना हात लावायचा नाही! निदान सहा आठवडे. पानं उन्हातून अन्न बनवतात, ते खाली बल्बमध्ये साठतं आणि पुढच्या मार्चचं फूल त्या साठ्यातून उन्हाळ्यातच आत तयार होतं. म्हणजे यंदा मेमध्ये तुम्ही पानांशी कसं वागता त्यावर पुढच्या वर्षीची बाग ठरते.

मेमध्ये ती पानं वाईट दिसतात हे मला मान्य आहे. पिवळी पडतात, लोळतात, पाहुणे आले की लाज वाटते. इथे काही लोक त्यांची वेणी घालतात, गाठ मारतात, रबरबँड लावतात, ते करू नका, वळवलेल्या पानाला ऊन लागत नाही. आम्ही पहिल्या वर्षी नेमकी ही पानंच घालवली. एप्रिलच्या शेवटी पाहुणे येणार होते, नवऱ्याने मशीन काढून पानांसकट सगळं गवत चकाचक कापलं, मीच सांगितलं होतं कापायला, आणि पुढच्या मार्चमध्ये सफरचंदाखाली जिथे शंभरेक फुलं असायची तिथे मोजून सहा आली. एक बाई वर्षानुवर्षं जपून आपल्या हाती देऊन गेल्या आणि आपण एका दुपारीत ते घालवलं, फार लागलं मनाला. पूर्ववत व्हायला दोन-तीन वर्षं गेली.

ती पानं झाकायची असतील तर मधेमधे उशिरा वाढणारी झाडं लावा. माझ्याकडे जिरेनियम आणि होस्टा आहेत, एप्रिलअखेर त्यांची पानं पसरतात आणि खाली डॅफोडिल्सची पानं आपली शांतपणे वाळत राहतात. या दिवसांत पाऊस नसेल तर पाणी घाला, आणि टोमॅटोला घालतो ते पोटॅशवालं खत पाण्यातून दर पंधरा दिवसांनी एकदा द्या. जूनमध्ये पानं वाळून हाताने सहज सुटून आली की मगच काढायची.

मग लॉन कधी कापू?

फुलं संपल्यावर सहा आठवड्यांनी. तोपर्यंत डॅफोडिल्सचा तुकडा सोडून बाकीचं कापा, मधे बेट राहू दे. त्या उंच गवतात डेझी येतात, छान दिसतं.

यंदा नुसती पाती आली, एकही फूल नाही. काय झालं?

इथे याला बल्ब आंधळे झाले म्हणतात. कारणं बरीच असू शकतात, मी या क्रमाने तपासते. मागच्या वर्षी पानं लवकर कापली का? बल्ब फार वर लागलेत का? सात-आठ वर्षं न हलवल्यामुळे खाली दाटी झालीये का, एका बल्बाचे दहा होतात आणि मग कोणालाच पुरेसं मिळत नाही. शेजारचं झाड वाढून सावली आली का? मागचा वसंत कोरडा गेला का?

दाटी असेल तर जूनमध्ये पानं वाळताना पुंजका फावड्याने अलगद उचला, बल्ब हाताने सुटे करा, जे सहज सुटतील तेच, ओढून तोडू नका, आणि नव्या जागी खोल लावा. तेव्हा मऊ लागणारा, बुडाशी तपकिरी कुजलेला बल्ब दिसला तर तो कचऱ्यात, कंपोस्टमध्येही नाही. पोकळ बल्ब आणि आत एक जाड अळी असेल तर ती नार्सिसस माशीची. ही माशी छोट्या भुंग्यासारखी दिसते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळत्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. पान वाळून जमिनीत जी फट राहते ती पायाने माती दाबून बंद करा, एवढ्याने बराच फरक पडतो.

खारी बल्ब उकरून खातात का?

ट्युलिप आणि क्रोकस खातात. डॅफोडिल्स नाही, तेच विष इथे कामी येतं. हरणंसुद्धा तोंड लावत नाहीत. गोगलगाई मात्र पाकळ्या कुरतडतात, ओल्या रात्रीनंतर टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

मधमाश्यांसाठी चांगले का?

मोठ्या संकरित डॅफोडिल्सवर मला मधमाश्या फारशा दिसल्या नाहीत. त्यांच्यासाठी शेजारी क्रोकस लावा.

भाड्याचं घर आहे, फ्लॅट आहे. कुंडीत जमेल?

छान जमतं. खोल कुंडी घ्या, खाली भोक हवंच. टेट-आ-टेटचे बल्ब कुंडीत जवळजवळ लावले तरी चालतात, एकमेकांना चिकटू नयेत एवढंच. हिवाळाभर बाहेरच ठेवा, थंडी त्यांना हवी असते, गरम घरात ठेवाल तर फुलणार नाहीत. कुंडीतली माती सुकते हे पावसाळी देशात लोक विसरतात, बोट घालून बघत जा.

सुपरमार्केटमधली छोटी फुललेली कुंडी आणली असेल तर फुलं गेल्यावर फेकू नका. बाहेर जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, पानांसकट, जरा खोल लावा. आमच्या पुढच्या दाराजवळचे सगळे असेच आलेत, लोकांनी वाढदिवसाला आणलेल्या कुंड्यांमधून.

फुलदाणीसाठी कधी तोडायचे? ट्युलिपबरोबर ठेवले तर ट्युलिप लगेच मरतात.

कळी वाकून हंसाच्या मानेसारखी झाली आणि पिवळा रंग दिसायला लागला की तोडा, घरात उघडते. दांड्यातून चिकट चीक निघतो, तो बाकी फुलांना मारतो, ट्युलिपला तर फारच. म्हणून डॅफोडिल्स आधी वेगळ्या पाण्यात रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दांडा पुन्हा न कापता, नव्या पाण्यात ट्युलिपबरोबर. या चिकाने हाताला खाज आणि पुरळ येते, शेतात फुलं तोडणाऱ्या मजुरांना याचा चांगलाच त्रास होतो. भरपूर तोडणार असाल तर ग्लव्हज घाला.

पाडव्याला गुढीला बांधले तर चालतील? देवाला वाहू का?

मी दोन्ही करते. पाडवा येतो मार्चच्या मध्यानंतर नाहीतर एप्रिलमध्ये, नेमका यांचा हंगाम, आणि इथे तेव्हा झेंडू कुठे मिळतोय. आमची गुढी मागच्या दाराच्या पायरीवर उभी असते, वरती साडीचा खण, साखरेच्या गाठी मी दिवाळीत सांगलीहून येताना घेऊन येते, आणि खाली डॅफोडिल्सची जुडी दोऱ्याने बांधलेली. फक्त गाठी वरच्या बाजूला आणि फुलं त्यांना लागणार नाहीत अशी, कारण गाठी मुलं नंतर खातात. नैवेद्याच्या ताटात, पानाच्या कडेला सजावट म्हणून ही फुलं कधीही ठेवू नका. तीर्थाच्या तांब्यात तर नाहीच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी ओटी भरण्याबरोबर प्रत्येकीला एक छोटी कुंडी देते, सोबत तोंडाने सांगते की हे खायचं नाही.

१ मार्चला लोक कोटाला डॅफोडिल का लावतात?

तो सेंट डेव्हिड्स डे, वेल्सचा मोठा दिवस. वेल्सचं चिन्ह लीक आणि डॅफोडिल दोन्ही, आणि वेल्श भाषेत डॅफोडिलला जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी पीटरचा लीक असा होतो. त्यांनाही ते कांद्याच्या घरचंच वाटलं! मार्चभर कापडी किंवा कागदी डॅफोडिल लावलेले लोक दिसतात ते मात्र मेरी क्युरी संस्थेला देणगी दिलेले, ती संस्था शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा करते. वेल्समध्ये काही डोंगराळ शेतांवर डॅफोडिल्स औषधासाठीही पिकवतात, त्यातून गॅलँटामिन काढतात, ते अल्झायमरच्या रुग्णांना देतात. म्हणून घरी औषध करायला जाऊ नका, तेच झाड विषारीही आहे.

पुण्यात, मुंबईत आईबाबांच्या गॅलरीत लावता येतील का?

सुटकेसमध्ये बल्ब घालून नेऊ नका, एक तर रोपं-कंद नेण्याचे नियम कडक आहेत आणि दुसरं म्हणजे डॅफोडिलला फुलायला तीन-साडेतीन महिने सलग थंडी लागते, दहा अंशांच्या खालची. पुण्याचा डिसेंबर त्याला पुरत नाही, मुंबईचं तर सोडाच. फ्रिजमध्ये थंड करून एकदा फूल काढता येतं, पण फ्रिजमध्ये फळं असतील तर त्यांच्या वायूने आतली कळी मरते, आणि कांद्यासारख्या दिसणाऱ्या विषारी वस्तूला स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवणं मला पटत नाही. पेपरव्हाइट नावाची पांढरी सुवासिक जात आहे तिला थंडी लागत नाही, नर्सरीत मिळाली तर हिवाळ्यात करून बघा. आणि खरं सांगू, कोकणात भुईचाफा आहे की, पान नाही काही नाही आणि कोरड्या जमिनीतून थेट फूल वर येतं, तो जपा. त्याची मजा हीच.

शाळेत कवितेत वाचलेले ते डॅफोडिल्स कुठे बघायला मिळतात?

वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी १५ एप्रिल १८०२ ला लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटरच्या काठाने चालताना त्यांना ते दिसले, ग्लेनकॉइन बेच्या जवळ. अजूनही तिथे रानटी डॅफोडिल्स येतात. ते बागेतल्यासारखे थोराड नाहीत, जेमतेम गुडघ्याखाली, फिके, आणि वाऱ्यात सगळे एकदम हलतात. यॉर्कशरमधलं फार्नडेल, तिथे डोव्ह नदीच्या काठाने मैलोन्मैल आहेत. आणि ग्लॉस्टरशरमधल्या डिमॉक गावाभोवतीची रानं. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला जा, बूट चिखलाचे घाला.

रस्त्याच्या कडेचे दोन-चार तोडले तर काय होतं?

काउन्सिलने किंवा गावकऱ्यांनी सगळ्यांसाठी लावलेले असतात, तोडू नका. रानटी रोप मुळासकट उपटणं तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुकानात जुडी अगदी स्वस्त मिळते.

एकदा लावले की किती वर्षं येतात?

आपल्यापेक्षा जास्त. इथे पडक्या घरांच्या जागी, जिथे भिंतही उरली नाही, तिथेसुद्धा मार्चमध्ये चौकोनी आकारात डॅफोडिल्स येताना मी पाहिलेत, म्हणजे कधीतरी तिथे कोणाचं तरी अंगण होतं. आमच्या सफरचंदाखालचे कोणी आणि कधी लावले मला माहीत नाही, त्या बाईंनी की त्यांच्याही आधी कोणी. मागच्या जूनमध्ये तिथली दाटी उचलून सुटी केली तर दोन बादल्या बल्ब निघाले. एक बादली परत लावली, दुसरी कागदी पिशव्यांत भरून शेडमध्ये कोरडी टांगली आणि सप्टेंबरमध्ये डर्बी, लेस्टर, कॉव्हेंट्रीतल्या पाच मराठी घरांत वाटली, प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून, हे कांदे नाहीत, खोल लावा, पानं जूनपर्यंत कापू नका. यंदा ८ मार्चला कॉव्हेंट्रीहून पहिला फोटो आला, कुंपणाच्या कडेला तीन फुलं उघडलेली आणि बाकीच्या कळ्या अजून बंद.